एका ठिकाणचा वेग

लाल वर्तुळात काळ्या अंकांत ‘६०’ लिहिलेला फलक आपण रोज पाहतो आणि बहुतेक जण वेगात काही फरक न करता पुढे जातो. तो आकडा कुणी आणि कशावरून ठरवला, हा प्रश्न मनात येत नाही. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने मोटारींच्या कमाल वेगमर्यादा ठरवून दिल्या आहेत : द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, इतर रस्त्यांवर ७०. हे झाले छत. त्याच्या खाली अमुक वळणावर ४० किंवा तमुक शाळेसमोर ३० ठरवायचे असेल, तर तिथून वाहने प्रत्यक्षात किती वेगाने जातात हे आधी मोजावे लागते. रस्त्यावरच्या एका ठरावीक ठिकाणी केलेल्या या मोजणीला वाहतूक अभियांत्रिकीत ‘स्पॉट स्पीड स्टडी’ म्हणतात. मी वर्गात ‘स्थलवेग’ म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेला शिकवत असल्यामुळे दर वर्षी विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन मी ही मोजणी करतो. गावाबाहेरचा दुपदरी राज्यमार्ग, कडेला बाभळी, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. प्रात्यक्षिकाच्या वहीत सगळा प्रयोग चार पानांत आटोपतो. पण त्या चार पानांतली प्रत्येक पायरी ही खरे तर एक निवड असते, आणि त्या निवडींवर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचे बरेच काही अवलंबून असते.

पहिली अडचण शब्दातच आहे. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. मग एका बिंदूवर, जिथे अंतरच नाही, तिथे वेग कसला? हा प्रश्न आपल्याकडे रस्त्याच्या नव्हे, आकाशाच्या संदर्भात फार पूर्वी उभा राहिला. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.) ग्रहाचे आजचे आणि उद्याचे स्थान यांतले अंतर म्हणजे त्याची दिवसाची गती, हे स्थूल गणित. चंद्राच्या बाबतीत ते भागत नाही, कारण त्याची गती क्षणाक्षणाला बदलते आणि तिथी संपण्याची वेळ काढायची तर त्या घडीची गती हवी. म्हणून भास्कराचार्यांनी ‘तात्कालिक’ गतीचा वेगळा विचार केला. आमचा स्थलवेग म्हणजे मोटारीची तात्कालिक गतीच, फक्त ती मोजायला आमच्याजवळ त्यांच्याइतकी शांत बैठक नसते.

प्रत्यक्षात कुठलेही साधन बिंदूवर मोजत नाही. ते एक लहानसे अंतर घेते आणि त्याला बिंदू म्हणते. सर्वांत जुनी रीत म्हणजे रस्त्यावर आडव्या दोन चुन्याच्या रेघा आणि हातात स्टॉपवॉच. पुढचे चाक पहिल्या रेघेवर आले की बटण दाबायचे, दुसऱ्या रेघेवर आले की पुन्हा दाबायचे. दोन रेघांत अंतर किती ठेवायचे? आमच्या पाठ्यपुस्तकांत वेगानुसार २७, ५४ आणि ८१ मीटर दिलेले असते. हे विचित्र आकडे कुठून आले, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला बरोबर ८८ फूट, आणि ८८ फूट म्हणजे जवळजवळ २७ मीटर. मैल गेले, फूट गेले, पण मैलवाल्यांच्या सोयीचे अंतर आपण मीटरमध्ये रूपांतर करून जपून ठेवले आहे. २५ मीटर घेतले असते तर ९० ला सेकंदांनी भागून थेट ताशी किलोमीटर मिळाले असते!

अंतर फार कमी घेतले की बोटाची चूक मोठी होते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार २७ मीटर १.६२ सेकंदांत तोडते. बटण दाबण्यात सेकंदाचा पाचवा भाग इकडेतिकडे झाला, तर तीच मोटार वहीत ५३ किंवा ६८ च्या वेगाने जाते. ५४ मीटर घेतले तर हीच चूक साडेछप्पन्न ते ६४ एवढ्यात राहते. फार लांब अंतर घ्यावे, तर वाहन मध्येच वेग बदलते आणि जे मिळते ते त्या ठिकाणचे राहत नाही. शिवाय निरीक्षक एका रेघेपाशी उभा असेल तर दुसरी रेघ त्याला तिरपी दिसते. त्यासाठी ‘एनोस्कोप’ नावाची एक गंमतशीर पेटी वापरत. काटकोनात वळलेली पेटी, वळणावर ४५ अंशांत आरसा. ती दूरच्या रेघेवर ठेवायची. वाहन तिच्यासमोरून गेले की आरशात झपकन सावली दिसते आणि नजर तिरपी करावी लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेत अशी एक लाकडी पेटी आहे. तिच्यातला आरसा आता विद्यार्थ्यांच्या भांग पाडण्याच्या कामी येतो.

पोलिसांच्या हातातली ‘गन’ दोन प्रकारची असते. रडारची गन डॉपलर परिणामावर चालते. ख्रिश्चन डॉपलर यांनी तो १८४२ साली मांडला आणि तीनच वर्षांनी नेदरलँड्समध्ये बाइज-बॅलट या शास्त्रज्ञाने धावत्या आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून तो कानांनी तपासला. येणाऱ्या गाडीतला सूर चढा, जाणाऱ्या गाडीतला उतरता. रडारमध्ये तुतारीच्या जागी सूक्ष्मलहरी असतात. २४ गिगाहर्ट्झची लहर ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या मोटारीवरून परतते तेव्हा तिच्या वारंवारतेत साधारण ४,४०० हर्ट्झची वाढ झालेली असते. तेवढीच मोजायची. लेझर गनची रीत वेगळी आहे. ती प्रकाशाचे झटके पाठवून वाहनाचे अंतर पुन्हा पुन्हा मोजते आणि ते किती झपाट्याने घटते आहे ते काढते. म्हणजे पुन्हा दोन रेघा आणि एक घड्याळच, फक्त रेघा हवेत आणि घड्याळ कितीतरी सूक्ष्म.

या इतिहासातले माझे आवडते पात्र म्हणजे मॉरिस गॅटसोनिडिस हा डच मोटारशर्यतपटू. १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली त्याने जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती राहतो हे कळावे आणि आणखी जोरात जाता यावे, म्हणून त्याने वेग मोजणारे यंत्र घडवले. पुढे त्यातूनच जगभरच्या रस्त्यांवर सुसाट वाहनांचे फोटो काढणारे ‘गॅटसो’ कॅमेरे आले.

गन हातात घेऊन कुठे उभे राहायचे, हीसुद्धा निवडच. रडार वाहनाच्या वेगाचा फक्त आपल्या दिशेने येणारा भाग मोजते. रस्त्यापासून दूर, झाडाच्या सावलीत उभे राहून तिरपे रोखले की आकडा कमी येतो. १० अंशांच्या कोनात ६० चे ५९ होतात, ३० अंशांत ५२. उभ्या जागेवरून केलेल्या मोजणीत ही चूक नेहमी चालकाच्या फायद्याची असते, त्यामुळे दंड झालेल्याला तिच्याबद्दल तक्रार करता येत नाही. सर्वेक्षणाला मात्र ती बाधते, कारण तिथे कुणाच्याच फायद्याचा आकडा नको असतो.

यंत्रावर विश्वास का ठेवायचा, याची काळजी कायद्याने घेतली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम १८३ नुसार, केवळ एका साक्षीदाराला ‘गाडी फार जोरात होती’ असे वाटले म्हणून कुणाला दोषी ठरवता येत नाही. ते मत एखाद्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजणीवर आधारलेले हवे. मग त्या साधनाची मोजणी कोण करणार? २०२५ साली केंद्राने वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांना वैधमापन नियमांखाली आणले. म्हणजे वाण्याच्या तराजूप्रमाणे आता रडारचीही पडताळणी व्हायची आणि त्यावर शिक्का बसायचा. मला हे फार योग्य वाटते. किलोभर साखरेची खात्री आपण कितीतरी आधीपासून करून घेत होतो.

आता आकडे वहीत आले. शंभरेक वाहनांचे वेग. त्यांची सरासरी काढा म्हटले की वर्गात सगळे बेरीज करून भागतात. आणि इथेच या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट लपलेली आहे.

समजा, एका लांब रस्त्यावर किलोमीटरमागे एक रिक्षा आहे आणि एक मोटार आहे. सगळ्या रिक्षा ताशी ३० ने जातात, सगळ्या मोटारी ६० ने. वरून ड्रोनने फोटो काढला तर रिक्षा आणि मोटारी समसमान दिसतील आणि रस्त्यावरच्या वाहनांचा सरासरी वेग ४५ निघेल. आता मी कडेला तासभर उभा राहतो. तासात माझ्यासमोरून ३० किलोमीटर लांबीतल्या रिक्षा जातील, म्हणजे ३०. मोटारी मात्र ६० किलोमीटर लांबीतल्या, म्हणजे ६०. माझ्या वहीत मोटारी दुप्पट! नव्वद वाहनांची सरासरी काढली तर येते ५०. रस्ता तोच, वाहने तीच, चूक कुणाचीच नाही, आणि दोन सरासऱ्या. पहिलीला स्थलसरासरी म्हणतात, दुसरीला कालसरासरी. इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या जे. जी. वॉर्ड्रॉप यांनी १९५२ साली या दोहोंतले नाते सूत्रात बांधले. वाहनांच्या वेगांत जितकी तफावत जास्त, तितका दोन सरासऱ्यांतला फरक जास्त. सगळी वाहने एकाच वेगाने गेली तरच तो शून्य.

माझ्या वहीतून ड्रोनची सरासरी काढायची असेल तर वेगांची बेरीज न करता त्यांच्या व्यस्तांची करावी लागते. हे गणितही भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त वेगळ्या वेषात आहे. चार झरे तळे एकेकटे एका दिवसात, अर्ध्या, तिसऱ्या आणि सहाव्या भाग दिवसात भरतात, तर मिळून किती वेळात? काळ बेरजेत मिळवायचे नाहीत, दर मिळवायचे : १, २, ३ आणि ६ मिळून १२, म्हणून दिवसाचा बारावा भाग.

दोन सरासऱ्यांची ही गोष्ट मी केवळ गंमत म्हणून सांगत नाही. रस्त्याकडेच्या वस्तीतले लोक म्हणतात, ‘इथून सगळ्या गाड्या सुसाटच जातात.’ चालक म्हणतात, ‘कसले सुसाट, रस्ता हळू वाहनांनी भरलेला असतो.’ ग्रामसभेत यावरून भांडण होते आणि दोघेही दुसऱ्याला खोटे ठरवतात. गणित सांगते की दोघेही आपापल्या जागेवरून खरे बोलत आहेत. कडेला उभ्या असलेल्याला वेगवान वाहने त्यांच्या संख्येहून जास्त भेटतात. साठने जाणाऱ्या मोटारवाल्याला मात्र पुढेमागे चालणाऱ्या आपल्यासारख्या मोटारी गाठतच नाहीत. त्याला एकामागून एक ओलांडाव्या लागतात त्या रिक्षाच.

मर्यादा ठरवताना सरासरी वापरत नाहीत. सगळे वेग चढत्या क्रमाने लावतात आणि शंभरांतल्या पंच्याऐंशीव्या वाहनाचा वेग घेतात. त्याला ८५ वा शतमानक म्हणतात. (रस्त्याच्या भौमितिक आखणीसाठी ९८ वा.) यामागची विचारसरणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रुजली : बहुतेक चालक शहाणे असतात, रस्ता पाहून वेग ठरवतात, तेव्हा पंच्याऐंशी टक्क्यांना जे योग्य वाटते तेच योग्य. तिला मोठा आधार मिळाला तो डेव्हिड सॉलोमन यांच्या १९६४ च्या अभ्यासाचा. ग्रामीण महामार्गांवर सरासरीच्या आसपास चालणाऱ्यांचे अपघात सर्वांत कमी, फार हळू आणि फार जोरात जाणाऱ्यांचे जास्त, असे त्यात दिसले होते.

ही रीत लोकशाहीची वाटते खरी, पण मतदार कोण हे पाहिले की खटकते. मत फक्त चालकांना आहे. रस्ता गुळगुळीत केला, रुंद केला की वेग वाढतात. वाढलेल्या वेगांची मोजणी केली की ८५ वे वाहनही पुढे सरकते. त्यानुसार मर्यादा वाढवायची म्हटली तर जे जोरात गेले त्यांनीच नियम लिहिला असे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ साली या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि तिथल्या राष्ट्रीय वाहतूक चिन्हांच्या नियमावलीच्या २०२३ च्या आवृत्तीत तिचे वजन कमी करण्यात आले. स्वीडनने १९९७ पासून उलट्या टोकाने विचार सुरू केला : माणसाचे शरीर किती आघात सोसते ते आधी पाहायचे आणि मर्यादा त्यावरून ठरवायची. माणसे आणि वाहने जिथे एकत्र येतात तिथे ३०.

आमच्याकडे आणखी एक घोळ आहे. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. त्या गणतीत धरल्या की ८५ वा शतमानक खाली येतो आणि कागदावर रस्ता सुधारलेला दिसतो. खरे तर मागे दिवा नसलेली ताशी वीसची ट्रॉली आणि ताशी ऐंशीची मोटार एका पदरात आल्या की रस्ता कधी नव्हे इतका वाईट झालेला असतो. म्हणून मी वाहनप्रकारांचे तक्ते वेगवेगळे करायला लावतो आणि एकत्र आकडा लिहिलाच तर त्याखाली तफावत लिहायला लावतो. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते.

वेगातल्या छोट्या फरकाची किंमत किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ५० चे साडेबावन्न झाले, जे आमच्या स्टॉपवॉचच्या चुकीत बुडून जाईल, तरी धोका वीस टक्क्यांनी चढला. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी अहवालात त्यांपैकी ७१ टक्के मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण आहे. हे वर्गीकरण अपघातानंतर, नोंदीच्या नमुन्यात होते. त्या जागी त्या वेळी रडार रोखून कुणी उभे असणे विरळाच. इतक्या मृत्यूंचे कारण म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, ते त्या जागी मोजलेले असण्याची आपल्याला गरज वाटत नाही, हे मला विलक्षण वाटते.

आणि मोजतो तेव्हा कुठे मोजतो? पुस्तक सांगते : सरळ, सपाट, चौकापासून दूर, अडथळा नसलेली जागा निवडा, निरीक्षक चालकांना दिसणार नाही असे पाहा. मोकळा वेग मिळवण्यासाठी हे बरोबरच आहे. (दिसलात की काय होते ते मला विचारा. समोरून येणारा दुचाकीस्वार मागच्यांना दिवे लुकलुकवून सावध करतो आणि अर्ध्या मिनिटात अख्खा रस्ता सभ्य होतो.) पण आमच्या रस्त्यावर माणसे ओलांडतात ती वळणानंतर लगेच, शाळेच्या फाटकासमोर. तिथे पुस्तकाप्रमाणे मोजायचे नाही आणि मोजायला हवे ते नेमके तिथेच.

तिथला हिशेब सोपा आहे. डांबरी रस्ता सात मीटर रुंद. पादचाऱ्याची चाल सेकंदाला १.२ मीटर धरली तर ओलांडायला जवळजवळ सहा सेकंद लागतात. वळणामुळे येणारे वाहन ८० मीटरवर आल्यावरच दिसते. ते ४० ने येत असेल तर पोचायला त्याला सात सेकंद लागतात, ओलांडणारा सुटतो. ६० ने येत असेल तर पाच सेकंदांहून कमी. ६० ला थांबण्यासाठी भारतीय रोड काँग्रेस जे अंतर धरते ते ८० मीटर, म्हणजे चालकाने अडीच सेकंदांत ब्रेक दाबला तर गाडी शेवटच्या क्षणी उभी राहील. ८० ने येत असेल तर थांबायला १२० मीटर हवेत आणि हाताशी आहेत ८०. ताशी ४०० वाहने जाणाऱ्या रस्त्यावर ८५ व्या शतमानकाच्या पलीकडची वाहने ६० होतात, म्हणजे मिनिटाला एक. तक्त्यात ती वरच्या टोकाला चार-पाच रेघोट्या म्हणून दिसतात. फाटकाशी उभ्या असलेल्या पोराला त्यांतली एकच पुरते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने तक्ता भरता भरता विचारले, ‘सर, ही शाळेची मुलं कुठल्या रकान्यात टाकायची?’ रकाने होते दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, मालट्रक, ट्रॅक्टर आणि इतर. तेव्हापासून आम्ही दोन जागी मोजतो. सरळ पट्ट्यात पुस्तकाप्रमाणे आणि वळणापाशी फाटकासमोर. फाटकासमोरच्या तक्त्यात शेवटी एक जादा रकाना हाताने आखलेला असतो. शाळा भरायच्या आधीचा अर्धा तास एक जण वेग टिपत नाही. मूल कडेला येऊन थांबले ती वेळ, पाऊल टाकले ती वेळ आणि पलीकडे पोचले ती वेळ, एवढेच लिहितो. मुले बहुधा गटाने ओलांडतात, म्हणून गटात किती जण तेही लिहायचे. कुणी पाऊल टाकून मागे आले तर त्यापुढे फुली. छापील नमुन्यात या रकान्याला जागा नसल्यामुळे तो अहवालाच्या शेवटी वेगळ्या कागदावर, वेगांच्या आलेखाच्या मागे टाचून पाठवतो.